यंत्र आणि तंत्र : शिक्षणाच्या अभ्यासकाने काय वाचावे?



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा या सभागृहात बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांना अधिक आहे. त्यांचे एक वैशिष्ट्य मात्र मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. निवृत्त होईपर्यंत ते रोजच्या तासाचे पाठटाचण स्वतः लिहीत. पाठाची आखणी हे ज्यांनी आयुष्यभराचे काम मानले, त्यांच्या स्मृतीस त्याच विषयावरील चार विचार अर्पण करावेत, असे मला वाटले.

शैक्षणिक तंत्रविज्ञान आणि अनुदेशनाची रचना या विषयांच्या अभ्यासकाने काय वाचलेच पाहिजे, हा आजचा विषय आहे. तो अध्यापक महाविद्यालयाच्या चार भिंतींतला वाटेल. पण तो तसा नाही. वडोदऱ्यातील मराठी शाळेला आज प्रत्येक रुपया मोजून खर्चावा लागतो. माजी विद्यार्थी प्रेमाने निधी देतात, तेव्हा त्यातून स्पर्शाने चालणारा मोठा पडदा घ्यावा, संगणक घ्यावेत, की वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी एखादी जादा शिक्षिका नेमावी, हा प्रश्न उभा राहतो. विक्रेता येतो, सुंदर चित्रफीत दाखवतो आणि बहुधा निर्णय तेथेच होऊन जातो. अशा वेळी गेल्या साडेतीनशे वर्षांचा अनुभव कोणीतरी सभेपुढे ठेवायला हवा. तो अनुभव काही थोड्या ग्रंथांत आणि लेखांत नोंदलेला आहे. मी सांगणार आहे ते याच वाचनाविषयी.

आपल्या भाषेत यंत्र आणि तंत्र हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. यंत्र ही वस्तू. तंत्र म्हणजे ती वस्तू असो वा नसो, काम साधण्याची रीत. शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा इतिहास वाचताना हा भेद पदोपदी उपयोगी पडतो. वाचताना मी तीन प्रश्नही हाताशी ठेवतो. पाठ चालू असताना मूल प्रत्यक्ष काय करते? आपले उत्तर बरोबर की चूक, हे त्याला केव्हा कळते? आणि ते मागे पडले, तर पुढे काय होते? कोणताही ग्रंथ आणि कोणतेही यंत्र या तीन प्रश्नांवर घासून पाहावे.

आरंभ कोमेनियसपासून करावा. मोराव्हियात १५९२ साली जन्मलेला हा धर्मोपदेशक. युरोपातील तीस वर्षांच्या युद्धात त्याला मायदेश सोडावा लागला, प्लेगने त्याची पत्नी आणि मुले नेली, पुढे १६५६ साली लेश्नो गावाच्या आगीत त्याची हस्तलिखिते जळाली. अशा माणसाने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस’ हे मुलांसाठी सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दीडशे पाठ आहेत. प्रत्येक पाठावर लाकडी ठशाचे एक चित्र, खाली लॅटिन आणि जर्मन मजकूर. केवळ चित्रे घातली म्हणून हे पुस्तक मोठे ठरलेले नाही. कोमेनियसने चित्रातील प्रत्येक वस्तूला एक आकडा दिला आणि मजकुरात त्या वस्तूच्या नावापुढे तोच आकडा छापला. मुलाचे बोट शब्दावरून चित्राकडे आणि चित्रावरून शब्दाकडे फिरू लागले. पहिल्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आहे: मूल शोधते आहे, जुळवते आहे. अक्षरओळखीसाठीही त्याने प्राणी-पक्ष्यांचे आवाज घेतले. कावळ्याच्या ओरडण्यातून ‘आ’ हा ध्वनी शिकवला. छापखाना हे त्याचे यंत्र होते. आकड्यांची जोडी हे त्याचे तंत्र. आज पडद्यावरील चित्राला हात लावताच शब्द उच्चारला जातो, तेव्हा कोमेनियसचेच तंत्र नव्या यंत्रातून बोलत असते.

दुसरे वाचन अँड्र्यू बेलच्या १७९७ सालच्या छोट्या पुस्तिकेचे. बेल मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा अधीक्षक होता. एका मलबारी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. आपल्याकडे धुळाक्षरे म्हणतात, तीच ही जुनी रीत. त्याने ती आपल्या शाळेत आणायचे ठरवले, तेव्हा हाताखालच्या शिक्षकांनी नाके मुरडली. बेलने एका आठ वर्षांच्या मुलाला पुढे केले आणि त्याच्याकडून धाकट्यांना मुळाक्षरे शिकवून घेतली. त्यातून मोठ्या मुलाने लहानांना शिकवण्याची ‘मद्रास पद्धती’ उभी राहिली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने १७९८ पासून तशाच धर्तीची शाळा चालवली, आणि एक गुरू हजार मुलांना शिकवू शकेल, असा दावा होऊ लागला. हिंदुस्थानातल्या शाळेतून उचललेली रीत विलायतेत गेली, नियमांत बांधली गेली आणि काही वर्षांनी विलायती सुधारणा म्हणून पुन्हा आपल्याच दारात आली!

या पद्धतीत एक मर्म होते. मुलाचा वर्ग त्याच्या वयावर ठरत नसे. त्याला काय येते, त्यावर ठरे. आले की वर, नाही आले की खाली. तिसऱ्या प्रश्नाला दिलेले हे एक उत्तरच होते. पुढे मात्र खर्च कमी करण्याचा मोह वाढला, मर्म सुटले आणि सांगाडा उरला. लहान मुले लहान मुलांकडून पाठ करून घेत राहिली. लँकेस्टरच्या शाळेत तर चुकणाऱ्याला टोपलीत बसवून छतापासून टांगण्यापर्यंत मजल गेली. स्वस्ताई हाच हेतू झाला की चांगल्या तंत्राचे काय होते, हे कळण्यासाठी बेल वाचावा.

येथे आपल्याच नगरीकडे वळतो. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. शिकलेली माणसे पुन्हा निरक्षर होऊ नयेत, म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालये उघडण्याची योजना आखली. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या चळवळीचा वृत्तांत १९१९ साली इंग्रजीत लिहिला. आपल्या यादीत त्या पुस्तकाला मी आग्रहाने स्थान देईन. पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये त्यात आहेत, आणि जादूचा कंदील व चलचित्रे घेऊन लोकांपर्यंत जाणारी दृश्य-शिक्षणाची शाखाही आहे. त्याच सुमारास, १९१३ साली, अमेरिकेत टॉमस एडिसन सांगत होता की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि सर्व ज्ञान चलचित्रांतून देता येईल. एडिसनने चित्र आणून पुस्तक बाहेर काढायचे म्हटले; बडोद्याच्या योजनेत चित्र पुस्तकाच्या दारापर्यंत नेणारे होते. ग्रंथालय आणि पडदा एकाच खात्यात असावेत, ही दृष्टी मला आजही शहाणपणाची वाटते. कारण चित्रपट पाहताना मूल केवळ पाहते. पाहून झाल्यावर त्याच्या हातात काय पडते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आता शिकवणाऱ्या यंत्रांचे युग. ओहायो स्टेट विद्यापीठातील सिडनी प्रेसी यांनी १९२६ साली एका साध्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. खिडकीत प्रश्न, चार कळा. योग्य कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येणार नाही, अशी सोय. दुसऱ्या प्रश्नाला यंत्राने दिलेले हे पहिले स्पष्ट उत्तर: बरोबर की चूक, ते तत्क्षणी कळले. पण जागतिक मंदीच्या काळात गिऱ्हाईक मिळेना आणि १९३२ साली प्रेसींनी खेदाने ते काम सोडले.

११ नोव्हेंबर १९५३ रोजी बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या शाळेत पालक म्हणून गणिताचा तास पाहत बसले होते. दोन गोष्टी त्यांना खटकल्या. ज्याला येते आणि ज्याला येत नाही, अशा सर्वांना एकाच गतीने जावे लागत होते. आणि सोडवलेले गणित बरोबर होते की नाही, हे मुलाला दुसऱ्या दिवशी वही परत मिळाल्यावर कळत होते. थोड्याच दिवसांत त्यांनी आपले पहिले शिकवणारे यंत्र तयार केले. १९५४ सालचा ‘शिकण्याचे शास्त्र आणि शिकवण्याची कला’ या आशयाचा त्यांचा लेख प्रत्येक शिक्षकाने वाचावा. स्किनर यांचे माणसाविषयीचे तत्त्वज्ञान मला पटत नाही. पण त्या वर्गात त्यांना जे दिसले, ते अगदी खरे होते आणि आजच्या अनेक वर्गांतही खरे आहे. त्यांच्या यंत्रात मुलाने उत्तर स्वतः लिहायचे, मग सरकपट्टी पुढे करून पडताळायचे. पाठ इतक्या लहान पायऱ्यांचा की चूक जवळजवळ होऊच नये. नॉर्मन क्राउडर यांनी याविरुद्ध भूमिका घेतली: चूक होऊ द्यावी, आणि जशी चूक तसे पुढचे पान दाखवावे. या दोघांतील मतभेद हा अनुदेशनाच्या रचनेतील मूलभूत वाद आहे. आजच्या संगणकीय पाठांतही तोच वाद चालू असतो.

साठीच्या दशकात ही लाट आपल्याकडे ‘क्रमान्वित अध्ययन’ या नावाने आली. आपल्या विद्यापीठातील शिक्षणाच्या प्रगत अध्ययन केंद्राने त्या काळात या विषयात लक्ष घातले. प्रा. एम. बी. बुच यांनी संपादित केलेला भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा याच केंद्राने १९७४ साली प्रसिद्ध केला. तोही अभ्यासकाच्या हाताशी असावा. अध्यापक महाविद्यालयात शिकवीत असताना मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांकडून दहा-दहा चौकटींचे क्रमान्वित पाठ लिहून घेत असे. यंत्र नव्हतेच, पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे होते. हुशार विद्यार्थ्यांची चौथ्या-पाचव्या चौकटीपाशी हटकून दमछाक होई. अपूर्णांकांची बेरीज स्वतःला येणे वेगळे, आणि दुसऱ्याचे पाऊल नेमके कोठे अडखळेल हे ओळखून पायरी बांधणे वेगळे, हे त्यांना त्या पुठ्ठ्यांनी शिकवले. पुठ्ठे कधीच रद्दीत गेले. ती सवय मात्र त्यांपैकी कित्येकांच्या अध्यापनात पुढे टिकली.

यंत्रांची ती लाट साठीच्या दशकाच्या अखेरीस ओसरली. का ओसरली, याचा इतिहास ऑड्री वॉटर्स यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टीचिंग मशीन्स’ या पुस्तकात आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांशी स्किनर यांची झालेली ओढाताण त्यात वाचायला मिळते. ‘प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने’ ही आज जाहिरातींत झळकणारी घोषणा शंभर वर्षांची जुनी आहे, हेही त्यातून उमगते.

लाटेच्या पाठोपाठ विचार आला. फ्रेड केलर यांच्या १९६८ सालच्या लेखाचे शीर्षक ‘गुरुजी, निरोप घ्या’ अशा अर्थाचे आहे. पण त्यात गुरुजी नाहीसे होत नाहीत, त्यांचे काम बदलते. अभ्यासाचे लहान घटक पाडावेत, एक घटक पक्का झाल्याखेरीज पुढे जाऊ नये, आणि तो तपासायला नुकताच तो अभ्यास पुरा केलेला विद्यार्थी मदतनीस म्हणून बसवावा, अशी त्यांची योजना. बेलचा आठ वर्षांचा मुलगा येथे पुन्हा भेटतो! बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ सालचा लेख तर पुन्हा पुन्हा वाचावा. एकेका मुलाला स्वतंत्र शिकवणी दिली, तर त्यातील सरासरी मूल नेहमीच्या वर्गातील शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे जाते, असे त्यांनी मांडले. आणि इतका लाभ संपूर्ण वर्गाला परवडेल अशा खर्चात कसा देता येईल, हा प्रश्न जगापुढे ठेवला. त्याबरोबर कर्ट व्हॅनलेन यांचा २०११ सालचा आढावाही वाचावा. स्वतंत्र शिकवणीचा लाभ मोठा असला, तरी ब्लूम म्हणतात त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो, असे त्यात दिसते. मोठ्या माणसाचा आकडा म्हणून तो डोळे मिटून पुढे नेऊ नये, हाही या अभ्यासाचा धडा आहे.

या सर्वांना छेद देणारा एक ग्रंथ आहे: सीमोर पॅपर्ट यांचे १९८० सालचे ‘माइंडस्टॉर्म्स’. जिनिव्हात पियाजे यांच्यासोबत काम केलेल्या या गणितज्ञाचे म्हणणे असे की, संगणकाने मुलाला हुकूम देण्याऐवजी मुलाने संगणकाला हुकूम द्यावा. पडद्यावरील ‘कासवा’ला इतकी पावले चाल, इतका वळ, असे सांगून मूल चौकोन काढते. चौकोन वाकडा आला तर कोणी लाल फुली मारीत नाही; वाकडी रेघच त्याला सांगते की कोठे दुरुस्ती हवी. दुसऱ्या प्रश्नाचे इतके देखणे उत्तर मला अन्यत्र आढळलेले नाही.

आता दोन कडू औषधे. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली माध्यमांवरील संशोधनाचा आढावा घेऊन निष्कर्ष काढला की, माध्यम हे केवळ वाहन आहे. भाजी टेम्पोतून आली की हातगाडीवरून, यावर घरातल्यांचे पोषण ठरत नाही, अशा धर्तीची उपमा त्यांनी दिली. रॉबर्ट कोझमा यांनी १९९१ साली त्यांना विरोध केला: काही गोष्टी काही माध्यमांतूनच नीट दाखवता येतात. दोघांनाही वाचावे; अभ्यासकाने एकाच बाजूचे वाचू नये. दुसरे औषध लॅरी क्यूबन यांचे १९८६ सालचे ‘टीचर्स अँड मशीन्स’. चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी अमेरिकेच्या वर्गांत कशी आली, हा त्याचा विषय. प्रत्येक वेळी क्रम तोच. आधी गाजावाजा, मग अनुकूल अहवाल, मग यंत्र फारसे वापरले जात नाही अशी तक्रार, आणि शेवटी खापर शिक्षकाच्या माथी. क्यूबन यांनी शिक्षकाची बाजू समजून घेतली. तासाची वेळ, वर्गाची संख्या, अभ्यासक्रमाचे ओझे आणि वेळेवर न मिळणारे उपकरण यांचा विचार करता शिक्षकाने खडू-फळा हाती धरणे हा त्याचा हट्ट नसतो. तो हिशेब असतो.

आपल्या देशातील उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम पोहोचले. शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीजच्या प्रक्षेपकावरून गुजराती कार्यक्रम झाले. त्या वर्षात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात पडद्यावरील कार्यक्रम एकटा नव्हता. रेडिओ, छापील पुस्तिका, हाताने करायचे प्रयोग आणि चर्चा चालवणारा मार्गदर्शक शिक्षक, अशी सारी जुळणी होती. आकाशातल्या उपग्रहाचे छायाचित्र सर्वांना आठवते. जमिनीवरची ही जुळणी क्वचितच कोणाला आठवते.

आणि आता तो लेख, ज्याच्यासाठी मी आज येथे उभा आहे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोग मुंबईत आणि आपल्या वडोदऱ्यात, महानगरपालिकेच्या शाळांत, ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने झाले. एका प्रयोगात वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली तरुण मुलगी ‘बालसखी’ म्हणून नेमली. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास वेगळी बसवी आणि त्यांच्याकडून अक्षरे व अंक पक्के करून घेई. दुसरा प्रयोग वडोदऱ्यापुरता. शासनाने २००० साली येथील पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते; त्यांतील फारच थोडे वापरात होते. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ देण्यात आले. मुलाला जसे येईल तशी खेळाची काठिण्यपातळी बदलत जाई.

निकाल नीट ऐकावेत. बालसखीमुळे मुलांच्या गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ झाली. संगणकाच्या खेळांमुळे गणितात ०.४७. म्हणजे संगणकाने खरोखर काम केले, आणि बालसखीहून अधिक केले. यंत्राच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण हिशेब येथे संपत नाही. संगणकाचा लाभ गणितापुरता राहिला, भाषेत दिसला नाही. बालसखीचा खर्च दर मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, तर संगणकाचा पंधरा डॉलरांहून अधिक. पैशाच्या मानाने बालसखी कितीतरी सरस ठरली. आणि कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर दोन्हींचा बहुतेक लाभ ओसरून सुमारे ०.१० वर आला.

या एका लेखात माझे तिन्ही प्रश्न एकवटलेले आहेत. तेच चार संगणक आधी शाळेत पडून होते, तेव्हा काही घडले नाही. मुलाच्या पातळीपासून सुरू होणारा पाठ त्यांत आला आणि घडले. बालसखीपाशी संगणक नव्हता, पण तोच पाठ होता, तिथेही घडले. ज्याने काम केले ते तंत्र. यंत्र त्याचे एक वाहन. आणि पाठ थांबला की लाभही ओसरतो. एकदा खरेदी करून मोकळे होण्याजोगी ही गोष्ट नाही. उलट बाजू पाहायची असेल तर पेरू देशाचा अनुभव वाचावा. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीत, मुलांच्या हाती एकेक संगणक देऊनही गणितात वा भाषेत प्रगती आढळली नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

यादीत शेवटी मी ताराबाई मोडक यांचे काम ठेवतो. १९२३ पासून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. पुढे १९४५ साली बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी पाड्यांत बालवाडी नेली. मॉन्टेसोरींची महागडी साधने पाड्यावर कोठून येणार? मग शिंपले, खडे, पाने, बिया आणि बांबूच्या कांड्या हीच साधने झाली. मॉन्टेसोरींच्या साधनांमागचा विचार ताराबाईंना कळला होता. म्हणून वस्तू बदलली तरी पाठ बिघडला नाही. शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या अभ्यासक्रमात हे काम सहसा त्या नावाने शिकवले जात नाही. माझ्या मते ते तेथेच शिकवायला हवे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घराघरांत दूरध्वनीच्या पडद्यावर वर्ग भरू लागले, तेव्हा हे प्रश्न पुस्तकातले राहिले नाहीत. ज्या घरात चार माणसांत एक दूरध्वनी, तेथील मूल गप्प बसून राहिले, आणि ते मागे पडले हे पुष्कळदा कोणाला कळलेही नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे शिक्षक-सहायक आले आहेत. मुलाने विचारावे आणि यंत्राने बोलावे, हे प्रेसी-स्किनर यांनी कल्पिलेही नसेल. त्यांना मी नाकारीत नाही. पण तेच तीन प्रश्न त्यांनाही विचारावेत. यंत्राने निबंध लिहून दिला, तर मुलाने काय केले? उत्तर चुकीचे असेल, तर ते मुलाला कोण सांगेल? आणि जे मूल विचारतच नाही, त्याच्याकडे कोण पाहील?

माजी विद्यार्थ्यांना माझी नम्र विनंती आहे. निधी अवश्य द्यावा. पडदा घ्यायचा असेल तर तोही घ्यावा. पण त्याच्या किमतीतील काही वाटा शिक्षकाच्या वेळेसाठी राखून ठेवावा: पाठ बांधण्याचा वेळ, मागे पडलेल्या मुलांसोबत बसण्याचा वेळ, एखाद्या बालसखीचे मानधन. शिक्षकांच्या खोलीत एक फळी या पुस्तकांसाठी असावी. यांतील बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. शाळेच्या तरुण माजी विद्यार्थ्यांनी एकेका ग्रंथाचा वीस पानी मराठी सारांश करून दिला, तर या शहरातीलच नव्हे, इंदूर-बेळगावच्या मराठी शिक्षकांनाही त्याचा उपयोग होईल. आणि त्या फळीवर एक कोरी वही ठेवावी. आज कोणत्या पायरीवर किती मुले अडखळली, एवढीच नोंद शिक्षकांनी तीत करावी. पाच वर्षांनी ती वही आपल्या शाळेपुरते या विषयावरील सर्वांत आवश्यक वाचन ठरेल.